चौथा गडी

दुपारी सायलीला खांद्यावर घेऊन हिम्मतराव हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचे, आणि तेवढ्या वेळात प्रणिता लॅपटॉपवर गोल्फ कोर्स शोधायची. सायलीला पाळणा चालत नव्हता, झोळी चालत नव्हती, आईची मांडी तर अजिबात नाही. आजोबांचा डावा खांदाच लागायचा. त्यांच्या बनियनवर तिथं लाळेचा ओला डाग पडायचा. ते तो पुसत नसत, पंख्याखाली वाळू देत.

"हल्लू टाइप कर की," ते म्हणायचे. "झोपायलीय."

जायचं होतं थायलंडच्या एका बेटावर, ऐन पावसाळ्यात, कारण पावसाळ्यात तिकडं सगळं स्वस्त. चौघं जाणार होते. प्रणिताचा नवरा युवराज, त्याचा साहेब मंदार, मंदारचे वडील किशोरकाका, आणि चौथे हिम्मतराव, म्हणजे प्रणिताचे सासरे. चौघांचा गट झाला तरच कोर्सवाले सूट देतात, आणि गोल्फही चौघांतच रंगतो. बाळंतपणाआधी प्रणिता बेगमपेटच्या एका ट्रॅव्हल कंपनीत होती, तेव्हा शोधाशोध तिच्याकडे आली. "घरीच तर असतेस," असं युवराज म्हणाला होता, पण वाईट हेतूनं नाही.

मंदारची अट एकच होती, खिशाला झेपेल असं बघ. हिम्मतरावांची अट वेगळी होती. अवघड पाहिजे.

प्रणिताला त्या कामात गोडी लागली. समुद्राकाठचे कोर्स महाग, ते खेळण्यापेक्षा फोटोसाठी. बेटाच्या आत, रबराच्या बागा ओलांडून टेकड्यांकडे गेलं की जुने कोर्स लागतात, तिथं दुपारनंतरची फी निम्म्यावर येते. खेळाडूच्या काठ्या वाहणारी कॅडी घ्यावीच लागते, तिचे पैसे वेगळे, ते कोणी आधी सांगत नाही. रिसॉर्टऐवजी गावात राहिलं की आणखी दोन डाव खेळण्याइतके पैसे वाचतात. आणि प्रत्येक कोर्सला अवघडपणाचा एक आकडा असतो. साध्या खेळाडूला तो कोर्स किती छळेल, ते सांगणारा. हा आकडा हिम्मतरावांना फार आवडला. त्याला ते नखरा म्हणायचे.

"याचा नखरा किती, पोरी?"

प्रणिता आकडा सांगायची.

"नक्को. हा किशोरसाहेबाला ठेव. गुडघे दुखतेत त्यांचे."

मग दोघं आवाज न करता हसायची, सायली उठेल म्हणून. सासऱ्यांना ती मामा म्हणायची, युवराज अण्णा म्हणायचा. काचीगुड्याच्या तिच्या माहेरी वडील जेवताना बोलायचेसुद्धा नाहीत. या घरात येऊन तिला कळलं होतं की एखादा बापमाणूस दुपारभर गप्पा मारू शकतो.

हिम्मतरावांचं गोल्फ सिमेंटच्या कारखान्यातलं. स्टोअरमध्ये सुपरवायझर होते ते. कारखान्याच्या वसाहतीत अधिकाऱ्यांसाठी नऊ होलचा कोर्स होता, आणि चौथा गडी कमी पडला की साहेबलोक स्टोअरला निरोप धाडायचे. पुढं पुढं चौथा गडी म्हणजे हिम्मतराव असं ठरूनच गेलं. वसाहतीत प्यायला पाणी पुरायचं नाही, तिथं गवत कुठलं? होलभोवतीची ती हिरवी गादी, जिला ग्रीन म्हणतात, तिथं नव्हतीच. तिच्या जागी वाळूत जळकं तेल कालवून, दाबून केलेलं काळपट गोल अंगण होतं. चेंडू त्या अंगणात आला की एक माणूस लाकडी फळी घेऊन यायचा आणि चेंडूपासून होलपर्यंत वाळू सारखी करून द्यायचा. फळी फिरली की सरळ, गुळगुळीत वाट तयार. त्या वाटेवरून हिम्मतरावांचा चेंडू कधी चुकला नाही. निवृत्त होऊन नल्लकुंट्यात राहिले, मग मुलाबरोबर कुकटपल्लीला आले, पण पट मारावा, म्हणजे चेंडू हळूच होलात ढकलावा, तर आपणच, हा विश्वास त्यांनी सामानाबरोबर हलवला होता.

किशोरकाका पुण्याहून मुलाकडं राहायला आले, तेव्हा सोसायटीच्या बागेत दोघांची ओळख झाली. हिम्मतराव गोल्फवर बोलू लागले की किशोरकाका मान तिरकी करून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "असं का? अहो, कमाल आहे." हिम्मतराव घरी येऊन सांगायचे, माणूस मोठा सज्जन आहे. बेटाचा विषय निघाला, तेव्हा किशोरकाकांनीच आग्रह धरला की हिम्मतरावांशिवाय जायचं नाही. साहेबाच्या वडलांनी आग्रह केला म्हटल्यावर युवराजनं आठवडाभरात वडलांचा पासपोर्ट काढायला टाकला.

जायच्या आधी हात मोकळा करावा, म्हणून एका रविवारी सकाळी सगळे शहराबाहेरच्या सरावाच्या मैदानावर गेले. सायलीला मोकळी हवा मिळेल, म्हणून प्रणिताही गेली. मंदारनं सगळ्यांसाठी इडली-वडा बांधून आणला होता, सायलीसाठी आठवणीनं केळं.

हिम्मतरावांनी इस्त्रीची पँट घातली होती. पट मारायची काठी, पटर, जुनाच, पण मुठीला नवी टेप गुंडाळली होती. ग्रीनच्या कडेपर्यंत ते झपाझप आले आणि थबकले. इतकं बारीक, इतकं दाट गवत त्यांनी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. त्यांनी वाकून बूट काढले आणि कडेला जोडीनं लावून ठेवले. मग मोज्यांवर आत गेले.

मंदारनं किशोरकाकांकडं पाहिलं.

हिम्मतरावांनी चेंडू ठेवला, होलकडं नजर लावली आणि इकडंतिकडं बघून विचारलं, "फळी कुठाय?"

मंदारला काहीच कळलं नाही. युवराजला कळलं, तो त्या वसाहतीतच वाढला होता. तो आपला हातमोजा घालत राहिला. किशोरकाकांना वसाहतीच्या गोष्टींतून सगळं ठाऊक होतं. चेहऱ्यावरची रेघ न हलवता ते म्हणाले, "फळीवाला आज सुट्टीवर आहे, हिम्मतराव. तुम्ही आपलं हातानंच करून घ्या."

हिम्मतराव उकिडवे बसले. गुडघ्यावर सरकत सरकत चेंडूपासून होलपर्यंत त्यांनी तळहातानं गवत बसवलं, घरात पाट मांडण्याआधी जमीन पुसतात तसं. मंदारनं फोन वर धरला. कडेवरच्या सायलीनं आजोबांना जमिनीवर बघितलं आणि आनंदानं पाय झाडले.

चेंडू सरळ निघाला. अर्ध्या वाटेत कोणी हाक मारल्यासारखा डावीकडं वळला आणि उतारावरून ग्रीनच्या बाहेर गेला. दुसराही तसाच गेला. तिसरा जोरात मारला, तो पलीकडच्या उतारावरून गेला.

"जमीनच वाकडी आहे तुमची," हिम्मतराव म्हणाले.

किशोरकाका हसले, मंदार हसला. युवराजनं आधी मंदारकडं बघितलं, मग तोही हसला. आपण काहीतरी छान बोललो असं वाटून हिम्मतरावही हसले. मग ते वाक्य त्यांनी आणखी एकदा म्हणून दाखवलं.

परतताना गाडीत किशोरकाका म्हणाले, असा पट करणारा माणूस आमच्या क्लबात उभ्या जन्मात पाहिला नाही. हिम्मतराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, गवतावर हात बसायला जरा वेळ लागंल. प्रणिता मागच्या सीटवर सायलीला पाजत होती. तिला काहीतरी टोचलं होतं, पण म्हाताऱ्या माणसांची थट्टामस्करी असेल म्हणून तिनं ते सोडून दिलं.

तिकिटं पक्की करायला मंदार आणि किशोरकाका जेवायला आले. जेवण होईतो सायली किरकिरायला लागली आणि हिम्मतराव तिला घेऊन आतल्या खोलीत गेले. प्रणितानं लॅपटॉप टेबलावर ठेवून निवडलेले कोर्स दाखवले. किशोरकाकांनी मनापासून कौतुक केलं. म्हणाले, एजंट लोकांना असं जमत नाही.

"फक्त एक विचारू का, प्रणिता? ग्रीन याहून उताराचे नाहीत का मिळणार?"

मिळतील, ती उत्साहानं म्हणाली. टेकडीवर एक कोर्स आहे, ग्रीन कासवाच्या पाठीसारखे, चेंडू वर थांबतच नाही म्हणून लोक पुन्हा जात नाहीत, आणि म्हणूनच स्वस्त आहे. नखराही सगळ्यात मोठा.

"वा. तोच घे."

ती चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. दाराला नुसता पडदा होता.

"पैज लावू," किशोरकाकांचा आवाज आला. अगदी निवांत, जेवणानंतरचा. "प्रत्येक ग्रीनवर आपले चॅम्पियन किती पट घेतात. हरेल त्यानं संध्याकाळची बिअर द्यायची. मी म्हणतो, सरासरी चार."

"पाच," मंदार म्हणाला. "बाबा, आणि कॅडीला आधीच सांगून ठेवायचं. फळी मागितली की तिनं शोधायला जायचं."

"युवराज, तू बोल. माल तुझा आहे."

आतल्या खोलीतून हिम्मतरावांचं बेसूर गुणगुणणं ऐकू येत होतं.

"सहा," युवराज म्हणाला. "अण्णाला चढावर जोर कळत नाही."

चहा उतू गेला. प्रणितानं गॅस बंद केला, ओटा पुसला, पुन्हा पाणी ठेवलं आणि चहा घेऊन बाहेर गेली. किशोरकाकांनी कप घेताना तिला विचारलं, साखर बेताची आहे ना?

झोपायच्या वेळी तिनं युवराजला विचारलं. तो चिडला नाही. दमलेल्या माणसासारखा समजावत राहिला. अण्णाला मजा येतेय, त्या दोघांना मजा येतेय, कोणाचं काय जातंय? अण्णाच्या पिढीत कोण विमानात बसलं? आणि मंदारनं त्याला एकट्यालाच घरच्यासारखं धरलंय, टीममधल्या बाकीच्यांना विचारलंसुद्धा नाही.

"तुम्ही सहा म्हणालात," प्रणिता म्हणाली.

"काहीतरी म्हणावंच लागतं."

सकाळी अंबाडी निवडता निवडता तिनं सासूबाईंना सांगितलं. पद्मावतीबाईंचा हात थांबला नाही. पान तोडायचं, देठ टाकायचा.

"तुला आत्ता कळलं व्हय," त्या म्हणाल्या. "वसाहतीतबी हेच होतं. मॅनेजरची बायको मला हळदी-कुंकवात म्हणाली होती, तुमच्या मिस्टरांमुळं आमच्या साहेबांचा रविवार बरा जातो. साहेब लोक त्यांना मुद्दाम खड्ड्यातून मारायला लावायचे. मी ऐकलं नि गिळलं. त्यांना कळलं नाही, म्हणून ते दर रविवारी बूट पुसून, शीळ घालत जायचे. तेवढं एक सुख होतं त्यांना. तू तोंड उघडू नको, प्रणिता."

"पण आत्याबाई, आता पोटचा मुलगा..."

"म्हणूनच म्हणते."

दोन दिवस प्रणितानं तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दुपारी सायली खांद्यावर पेंगत होती आणि हिम्मतराव टेकडीवरच्या त्या कोर्सचे फोटो पुन्हा मागत होते. कोर्सचा नखरा ऐकून ते खूश झाले होते. सोसायटीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी तो आकडा सांगितला होता.

"असाच पाहिजे," ते म्हणाले. "सोप्या मैदानावर कोणबी जिंकंल. इथं किशोरसाहेबाला दाखवतो. बापानं मैदान मारलं, की युवराजची मान वर व्हईल की नाई साहेबापुढं? तेवढंच माझ्या हातात आहे बघ. नाहीतर मी काय देणार त्याला."

प्रणितानं लॅपटॉप मिटला.

"मामा, जाऊ नका."

"कामून?"

ती बोलत गेली. गवतावर फळी कधीच नसते, कुठंच नसते. किशोरकाकांनी सांगितलं ते खोटं. बूट काढले, तेव्हाही ते हसत होते. हा कोर्स तुम्ही जिंकावा म्हणून घेतलेला नाही. तुमचा चेंडू थांबू नये, म्हणून घेतलाय. तिनं आवाज अगदी खाली ठेवला होता, पोरीला झोपवताना ठेवतात तसा, आणि त्या आवाजात ते सगळं जास्तच वाईट ऐकू येत होतं.

हिम्मतरावांची चाल मोडली नाही. खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं. सायलीच्या पाठीवरचा हातही थापटत राहिला.

"मंदारसाहेबबी?"

"हो."

"आणि युवराज?"

प्रणिताला फक्त नाही म्हणायचं होतं. तेवढा एक शब्द. पण तो यायला वेळ लागला, आणि त्या वेळात हिम्मतराव तिच्याकडं बघत राहिले.

"नाही," ती म्हणाली. "ते नाही."

"हौ," हिम्मतराव म्हणाले. "तो कामून हसंल."

ते आणखी एकदा खिडकीपर्यंत गेले. परत आले ते सायलीला खांद्यावरून सोडवतच. तिची मूठ बनियनला घट्ट धरून होती, ती त्यांनी बोट बोट करून सोडवली आणि पोर प्रणिताच्या हातात दिली. सायली जागी झाली आणि ओरडून रडायला लागली.

"तुला घरात म्हातारा पाहिजे, पोरीला धरायला," रडण्यावरून ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले. "ते सांग की सरळ. आठ दिवस तुला पोर सांभाळावी लागंल, म्हणून हे सगळं रचायलीस. माझं बरं झालेलं बघवंना तुला."

आणि ते आत गेले.

त्यानंतर त्यांनी सायलीला घेतलं नाही. मान धरलीय म्हणाले. दुपारी सायली दाराकडं हात करून रडायची, प्रणिता तिला घेऊन त्याच येरझाऱ्या घालायची, तोच खांदा पुढं करायची, आणि पोर त्या खांद्यावर डोकं टेकवून पुन्हा उचलायची. हिम्मतराव आत पलंगावर बसलेले असायचे. पटर भिंतीला टेकवलेला. ते सराव करत नव्हते, वर्तमानपत्र वाचत नव्हते. नुसते बसायचे, आणि मध्येच त्यांचे ओठ हलायचे, जणू कोणाचं तरी नाव आठवत होते.

पद्मावतीबाईंनी चार दिवस बघितलं. मग स्वयंपाकघरात येऊन त्या प्रणिताच्या जवळ उभ्या राहिल्या.

"सांगितलंस ना?"

प्रणितानं मान डोलावली.

"आता एकेक रविवार आठवत बसलेत ते," पद्मावतीबाई म्हणाल्या. "कोण कधी हसलं होतं, काय म्हणून हसलं होतं. सगळी जुनी माणसं. निम्मी तर मेलीत." आवाज चढलेला नव्हता. त्यांनी कणकेचा डबा काढला आणि परात पुढं ओढली. "ते जायचं थांबणार नाहीत, बघ. नाही गेले, तर युवराजला साहेबापुढं कारण द्यावं लागंल."

प्रणितानं युवराजला शेवटचं विचारून बघितलं की, अण्णांचं तिकीट बदलता येईल का. त्यानं विचारलं, कोणाच्या नावावर? आणि चौथा नसेल, तर सूट जाईल, हे तिलाच जास्त ठाऊक नाही का?

जायच्या दिवशी पहाटे मोठी गाडी खाली आली. मंदार पुढं ड्रायव्हरशी बोलत होता, किशोरकाका दार धरून उभे होते. युवराजनं सगळ्यांसाठी सारख्या पांढऱ्या टोप्या आणल्या होत्या. हिम्मतराव जिन्यानं उतरले. लिफ्ट असून जिन्यानं का, ते कोणी विचारलं नाही. टोपी डोक्यावर होती आणि दाढी करताना हनुवटीला कापलं होतं. मागून प्रणिता सायलीला घेऊन आली. पद्मावतीबाई खाली आल्याच नाहीत.

"या, या, चॅम्पियन," किशोरकाका म्हणाले.

एरवी या शब्दावर हिम्मतरावांची छाती पुढं यायची. आज ते होते तिथं थांबले. त्यांनी किशोरकाकांकडं पाहिलं नाही, मंदारकडं पाहिलं नाही. युवराजकडं पाहिलं. युवराजच्या ओठांवर हसू आलेलं होतं आणि त्याची नजर मंदारवर होती. हिम्मतरावांनी ते हसू नीट बघून घेतलं. लहानपणी त्याला ताप आला की ते असेच एकटक बघत बसायचे.

मग त्यांनी टोपी उलटी फिरवली, पुढची झापड मानेवर नेली, आणि गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना मुद्दाम अडखळले.

"साहेब, मला मधे बसवा," ते मोठ्यानं म्हणाले. "कडंला बसलो तर एकालाच दिसंल. एवढा खर्च करून न्यायलात, सगळ्यांना दिसलो पाहिजे की."

मंदार खो खो हसला. किशोरकाकाही हसले, पण एक क्षण उशिरा, आणि हसताना त्यांनी हिम्मतरावांच्या चेहऱ्याकडं जरा निरखून बघितलं. तिथं काही सापडलं नसावं, कारण मग ते मोकळेपणानं हसले. सगळ्यात जास्त युवराज हसला. सुटल्यासारखा, खरंखुरं.

बॅगा मागं ठेवून तो प्रणिताजवळ आला, सायलीच्या गालाला बोट लावलं आणि हळूच म्हणाला, "बघितलंस? उगीच डोक्याला ताप करून घेत होतीस. अण्णा किती खुशीत आहे."

सायलीनं आजोबांना ओळखलं होतं. दोन्ही हात पुढं टाकून ती गाडीकडं झेपावली, एवढी की प्रणिताला तिला कमरेत धरावं लागलं. हिम्मतरावांनी पोरीकडं बघितलं. मग ते ड्रायव्हरला म्हणाले, काच लावून घ्या, एसी चालू आहे.

काच वर गेल्यावर आतलं काही ऐकू आलं नाही. नुसती तोंडं दिसत होती, तीन उघडी, आणि मधे हिम्मतराव, हातवारे करून काहीतरी सांगत असलेले.